पंखा फिरत होता

सुगत,

लातूरला तुझ्या पुण्यानुमोदनाला मलाही दोन शब्द बोला म्हणाले. माइक हातात आला. पुढं पांढऱ्या कपड्यांतली माणसं, पेटलेल्या मेणबत्त्या, बुद्धमूर्तीशेजारी तुझा गणवेशातला फोटो. तू चांगला सहकारी होतास असं म्हणालो, मोठी हानी झाली असं म्हणालो, आणि माइक पुढच्याच्या हातात देऊन खाली बसलो. माझ्यानंतर तुझ्या क्लासची एक जुनी विद्यार्थिनी उठली. ती रडतही होती आणि बोलतही होती. तिला दोन्ही जमलं.

तू तिथं असतास तर माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाला असतास, "काय दादा, इथं बी नेटवर्क गेलं का?"

त्या एका वाक्यासाठी हे लिहायला बसलोय. तुझ्यामाझ्यात ते इतक्या वेळा हसण्यावारी गेलं, की त्याच्याखाली काय दडपलंय ते मी स्वतःलाही दिसू दिलं नाही.

तुला आठवतं, आपण पहिल्यांदा एकत्र उडालो त्या दिवशी तू विचारलंस, "सर, तुम्ही नांदेडचे ना?" मी म्हणालो, विष्णुपुरीचा, मूळचा कंधारकडचा. तू म्हणालास, "मी लातूरचा. तुमच्याकडं पाणी हाय, आमच्याकडं क्लासेस हायत." त्यानंतर तुझं 'सर' फक्त कॉकपिटचं दार बंद असेपर्यंत असायचं. दार उघडलं की दादा. मी डाव्या खुर्चीतला कॅप्टन, तू उजव्या खुर्चीतला को-पायलट. प्रवाशांना आपण इंग्रजीत हवामान सांगायचो आणि खाली उतरून हॉटेलकडं नेणाऱ्या गाडीत बसलो की आपली बोली सुरू. गोदावरीवरून जाताना धरणाचं पाणी चमकलं की तू म्हणायचास, "दादा, तुमचा हौद दिसून राहिला." मी म्हणायचो, टाकू का एक बादली लातूरवर? लातूरला पाणी नाही आणि नांदेडला नेटवर्क नाही, तरी दोघं आभाळात, हा तुझा ठरलेला विनोद. ऐकून ऐकून मला पाठ झाला होता. आता तो कुणी करणार नाही.

थर्मासची गोष्टही आठवते. मागं ठेवलेला थर्मास काढायचा म्हणून मी 'यू हॅव कंट्रोल' म्हणालो आणि लगेच स्टिकवरचा हात काढला. तू 'आय हॅव कंट्रोल' म्हणालास, विमान सांभाळलंस, चहाही घेतलास. वर काही बोलला नाहीस. खाली आल्यावर मात्र मला शाळामास्तरासारखं धरलंस. "दादा, नियम काय हाय? ज्यानं कंट्रोल दिलं त्यानं समोरच्याचं उत्तर ऐकल्याबिगर हात काढायचा न्हाई. तुम्ही आधीच काढला."

मी म्हणालो, अरे, शेजारी तूच तर होतास.

"मी होतो म्हणून सांगून राहिलो. तेवढा वेळ विमान कुणाचंच नव्हतं."

मला राग आला होता. वीस-पंचवीस वर्षं उडणाऱ्या माणसाला उजव्या खुर्चीतला शिकवतो म्हणून. पण त्या दिवसानंतर मी उत्तर ऐकल्याशिवाय कधी हात काढला नाही. निदान विमानात तरी.

आपला खरा वाद वेगळाच होता आणि तो अर्धाच राहिला. सीनियॉरिटीची यादी. कंपनीत कोण कधी रुजू झालं त्या क्रमानं नावं लावलेली. बढती वरून खाली, कपात खालून वर. मी म्हणायचो, जगात एवढी सरळ गोष्ट दुसरी नाही. ओळख चालत नाही, वशिला चालत नाही, आडनाव कुणी विचारत नाही. तू म्हणायचास, "हाव, म्हणून तर मलाबी ती आवडते. दुसऱ्या कोणत्याच यादीत माझं नाव एवढ्या शांतपणे बसलेलं न्हाई." मग पुढचं बोलायचास. "पण दादा, यादीत आधी कोण येतं? ज्याला वाट आधी सापडली तो. तुमच्या वडलांकडं विकायला शेत होतं. मी आधी आठ वर्षं दुसऱ्यांच्या लेकरांना फिजिक्स शिकवलं, मग माझं उडणं सुरू झालं. खालून छाटायचं म्हणजे उशिरा आलेल्यांना छाटायचं. आन् उशिरा कोण येतं ते तुम्हाला मी सांगायचं का?"

मी म्हणायचो, मग काय यादीच फाडायची? तू म्हणायचास, "फाडायची कशाला. बढतीला ठेवा. टंचाईला मात्र सगळ्यांच्या घागरी सारख्याच अर्ध्या भरायच्या. लातूरच्या माणसाला विचारा."

मी खिडकीबाहेर बघायचो.

मग कोरोनाचं वर्ष आलं. विमानं ओळीनं उभी राहिली. इंजिनांच्या तोंडांवर लाल झाकणं, चाकांवर कापडं. आपण सगळे घरी. कंपनी म्हणाली, एवढे पायलट पोसता येणार नाहीत, खालच्या को-पायलटांना बिनपगारी रजेवर पाठवू, दिवस सुधारले की परत बोलावू. परत कधी, ते कुणी सांगत नव्हतं. तू घरी बसून तोड काढलीस. कुणालाच पूर्ण बसवायचं नाही, वरच्यापासून खालच्यापर्यंत सगळ्यांनी पाळीपाळीनं एकेक महिना बिनपगारी घरी राहायचं, उरलेलं उड्डाण वाटून घ्यायचं. तू ते मला फोनवर समजावलंस. मी म्हणालो, बरोबर आहे. तू म्हणालास, "मी मांडतो. पण मी खालचा. मी मांडलं की लोक म्हणतील, स्वतःसाठी बोलून राहिला. शेवटी विषय तुम्ही हातात घ्या. वरचा माणूस बोलला तर वरचे ऐकतील."

मी हो म्हणालो. हे विसरलोय असं कधी भासवलं असेल, पण मी विसरलो नव्हतो. मी हो म्हणालो होतो.

मीटिंग व्हिडिओवर झाली. पडद्यावर चौकटीच चौकटी, प्रत्येकीत घरच्या बनियनवर गणवेशाचा शर्ट चढवलेला एकेक माणूस. तू छान बोललास. वर्गात शिकवल्यासारखं, एकेक पायरी. शेवटी जरा हसलास आणि म्हणालास, "कॅप्टन, यू हॅव कंट्रोल."

आता सांगतो. त्याच दिवशी सकाळी चीफ पायलटचा मला फोन आला होता. गोड बोलले. तुमच्या नावाला धक्का नाही म्हणाले, उलट पुढं ट्रेनिंगसाठी माणूस लागेल तेव्हा तुमचाच विचार आहे. आज मीटिंगमध्ये जरा शांतता राहिली तर बरं होईल. धमकी नव्हती. धमकी असती तर कदाचित मी भांडलो असतो. त्यांनी मला फक्त सांगितलं की मी काठावर आहे, कोरडा आहे, मला पाण्यात उतरायची गरज नाही.

तुझं बोलून झालं तेव्हा माझा माइक बंद होता. सगळ्यांचेच असतात. माझं बोट त्या बटणावर होतं. मी दाबलं नाही. तू 'कॅप्टन?' म्हणालास. परत म्हणालास. मग तूच सगळ्यांना म्हणालास, "सरांचं नेटवर्क गेलेलं दिसतंय. विष्णुपुरीला असतात." लोक हसले. पुढचा विषय सुरू झाला. संध्याकाळपर्यंत खालच्यांची नावं ठरली. तुझं होतं.

मी तुला फोन केला आणि म्हणालो, "नेटवर्क गेलं रे."

तू जरा थांबलास. आता वाटतं, फारच थांबलास. मग म्हणालास, "हाव दादा. राहतंय तसं तिकडं."

तू दीडेक वर्ष घरी राहिलास. लातूरला परत फिजिक्स शिकवायला लागलास. मी एकदा आलो होतो तुझ्या क्लासवर, आठवतं? आत न येता दारापाशी थांबलो. तू कागदाची पट्टी ओठाला लावून तिच्या वरून फुंकर मारत होतास आणि पट्टी वर उठत होती. सगळी पोरं तोंडाशी वहीची पानं धरून फुंकत होती. अंगात साधा शर्ट होता, पायात मात्र उड्डाणाचे काळे बूट, चकचकीत पॉलिश केलेले. मी विचारलं तर म्हणालास, "पायाला विसर पडू नये म्हणून."

आणि घरी ती भिंत. स्वयंपाकघराच्या भिंतीवर तू कॉकपिटचं मोठं पोस्टर लावलं होतंस, सगळी बटणं आणि घड्याळं छापलेलं. त्यासमोर दोन खुर्च्या. रोज सकाळी क्लासला जायच्या आधी तू उजव्या खुर्चीत बसायचास, इंजिन सुरू करण्यापासून उतरेपर्यंत सगळी कामं कागदावर बोट ठेवून करायचास. आपल्यातले पुष्कळजण असा सराव करतात, पण पुस्तक मांडीवर घेऊन, दार लावून. तू पोळ्यांच्या वासात करायचास. तुझ्या आई मला म्हणाल्या होत्या, "बघा की हो, लेकरू रोज भितीला हात लावून काय करून राहिलंय. देवऋषी म्हणावं तर आमच्यात चालत न्हाई." तू खो खो हसलास. डाव्या खुर्चीत तुझी बायको, वैशाली बसायची. शाळेत शिकवायला जायच्या गडबडीत, केस विंचरता विंचरता, कॅप्टनची सगळी वाक्यं तिनं पाठ केली होती. तू 'यू हॅव कंट्रोल' म्हणालास की ती 'आय हॅव कंट्रोल' म्हणायची. मी समोर उभा राहून बघितलंय. टाळ्याही वाजवल्यात. तेव्हा मेलो कसा नाही.

कंपनीनं बोलावल्यावर तू सिम्युलेटरवर एका झटक्यात पास झालास. तुझ्यासोबतचे बरेच अडकले. काही परत आलेच नाहीत. तू आल्यावर पहिलं उड्डाण माझ्याबरोबर लागलं, आणि पाणी दिसल्यावर म्हणालास, "दादा, हौद भरलाय." जणू मधलं काही झालंच नव्हतं. मी तुझा एवढा आभारी होतो की बोललो नाही. आणि मला जे ट्रेनिंगचं काम मिळायचं होतं ते मिळालं. पुढं तुझ्या कॅप्टनपदाच्या शिफारशीवर सही माझीच होती. मनात म्हणालो, फिटलं. असं फिटतं का रे?

यंदा पुन्हा तेच दिवस आले. विमानं अर्धी रिकामी, काही मार्ग बंद, आणि पुन्हा तोच शब्द, बिनपगारी. तू आता कॅप्टन, यादीत मधोमध, तुला थेट धक्का नव्हता. तरी तूच सगळ्यात आधी फोन केलास. त्या खालच्या पोरांबद्दल बोललास, नुकते हप्ते सुरू झालेले, नुकती लग्नं झालेली. म्हणालास, "तीच तोड हाय दादा, पाळीपाळीची. मी मांडतो." मग म्हणालास, "यावेळी एकाच खोलीत बसायचंय. नेटवर्कची भानगड न्हाई."

तू हसलास. मीही हसलो.

त्यानंतर आठवडाभरानं तू सुट्टीवर लातूरला गेलास आणि सकाळी त्याच खुर्चीतून उठताना छातीला हात लावलास. बातमी ऐकून मी नांदेडहून निघालो. लोहा गेलं, अहमदपूर गेलं, मला रस्ता आठवत नाही. एवढंच आठवतं की दुःखाच्या खाली कुठंतरी एक घाणेरडी सुटका वाटली. आता हे कुणालाच कळणार नाही, अशी. हे लिहितोय कारण हे न लिहिता बाकीचं सगळं लिहिलं तर ते परत माइक बंद ठेवण्यासारखं होईल.

पुण्यानुमोदन झाल्यावर मांडवातली माणसं जेवायला बसली. मी आत पाणी प्यायला गेलो. पोस्टर तसंच होतं. तुझ्या उजव्या हाताकडची बटणं पुसट झालेली. वैशाली ओट्याशी उभी होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, त्या मीटिंगच्या वेळी माझं नेटवर्क गेलं नसतं तर त्याचं दीड वर्ष वाया गेलं नसतं.

तिनं माझ्याकडं बघितलं. रागानं नाही, सुगत. थकून.

"भाऊ, मी तेव्हा यांच्या शेजारीच बसले होते. तुमच्या मागचा पंखा फिरत होता. तुम्ही चष्मा काढला, शर्टाला पुसला आणि परत घातला."

आयुष्यभर कॉकपिटच्या काट्यांकडं बघून जगणारा तू, एक दिवा लागला नाही तर तुला दहा सेकंदांत कळायचं. आणि मी समजत होतो की अख्ख्या पडद्यावर तुला माझा पंखा दिसला नाही. पायलटनं पायलटबद्दल असा समज करून घ्यावा, याच्याएवढा वेडेपणा नाही.

मी विचारलं, मग तो सगळ्यांना नेटवर्क का म्हणाला? इतकी वर्षं का म्हणत राहिला?

वैशाली म्हणाली, "मीबी भांडले. म्हणलं, सांगा की सगळ्यांना. तर म्हणाले, मी दादांना कंट्रोल दिलंय. त्यांनी उत्तर दिलं न्हाई एवढंच. मी काय अजून हात काढला न्हाई. बोलतील ते."

मी बाहेर येऊन गाडीत बसलो. तू मला पाठीशी घातलं नव्हतंस. तू माझी वाट बघत होतास. ती दर वेळची थट्टा, ते 'हौद', ते 'नेटवर्क', दर वेळी तू मला बोलायला जागा करून देत होतास आणि मी दर वेळी हसून निघून जात होतो. क्षमा मागायला मी हे लिहीत नाही. तू होतास तेव्हा ती स्वस्तात मिळाली असती. आता तिचा उपयोग मलाच.

पुढच्या आठवड्यात मीटिंग झाली. तुझी खुर्ची रिकामी नव्हती, दुसरं कुणी बसलं होतं, आणि ते बरंच झालं. चीफ तेच. विषय तोच. मी उभा राहिलो. आधी मी तुझी तोड मांडली, तुझ्या नावानं. मग म्हणालो की ही मागच्या टंचाईतही मांडली होती, तिला पाठिंबा द्यायचं मी कबूल केलं होतं, माझं नेटवर्क नीट चालू होतं आणि मी गप्प बसलो. पंख्याचंही सांगितलं. सकाळच्या फोनचंही सांगितलं, फोन करणारे समोर बसलेले असताना.

मग माझ्याच बरोबरीचा एकजण मागून म्हणाला, "पाच वर्षांनी रेंज आली म्हणायची, कॅप्टन."

काहीजण हसले. मला लागलं नाही. खरं तर बरं वाटलं. तू म्हणाला असतास तसंच होतं ते. मी म्हणालो, हो, आली. आणि आलीच आहे तर पुढचंही ऐका. पहिल्या पाळीला वरून सुरुवात करा, माझं नाव घाला. ट्रेनिंगचं काम त्यापायी जाणार असेल तर जाऊ द्या.

चीफ म्हणाले, विचार करू. बरोबरीच्या दोघांनी तिथंच हात वर केला. ज्यानं टोमणा मारला त्यानंही केला, जरा उशिरानं, टोपीशी चाळा करत. बाकीच्यांनी नाही. कंपनीचा निर्णय अजून आलेला नाही आणि काय येईल हे मला माहीत नाही. पण माझा बिनपगारी महिना मी सुरू केलाय. तेवढ्या महिन्यापुरतं खालचं एक पोरगं घरी न बसता उडणार आहे, एवढं मी चीफच्या तोंडून वदवून घेतलं. पुढच्या मीटिंगलाही मी जाणार आहे. त्याच्या पुढच्याही. मला आता गप्प बसता येणार नाही. ती सवय मोडली.

काल लातूरला आलो होतो. वैशालीनं दारातच विचारलं, "बोललात?"

"हाव."

तिनं डावी खुर्ची भिंतीसमोर ओढली. मी बसलो. समोर तुझ्या बोटांनी झिजलेला कागद. उजवी खुर्ची तशीच होती, तिच्याकडं बघितलं नाही. कॅप्टननं समोर बघायचं असतं. तुझ्या आई भाजी निवडत होत्या. म्हणाल्या, "आता हे बी लागले का भितीला हात लावायला? जेवून जावा म्हणावं."

जेवून गेलो. पण त्याआधी हात जिथं स्टिक असते तिथं ठेवला आणि मोठ्यानं, आईंना ऐकू जाईल असं, म्हणालो.

आय हॅव कंट्रोल.

सुगत, आता तू हात काढ.